आल्यापासनं

‘ही आल्यापासनं’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोरचा बिचारा घरी मांजर आल्यापासनं उंदीर कमी झालेत एवढंच सांगत असतो, आणि मी त्याच्यावर खेकसते. मांजराच्या बाबतीत ते खरंही असतं म्हणा. पण त्याला काय माहीत, एवढ्याच शब्दांवर आमच्या घरातून एका बाईला माहेरी पाठवून दिलं होतं. ती बाई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. ती परत येणार की कायमची तिकडंच राहणार, हे कितीतरी दिवस कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि संतापाची गोष्ट ही, की त्याच काळात मला पगार मिळत होता तो ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतला फरक ओळखण्याचा.

माझं काम नेमकं काय, हे बेळगावात खासबागेतल्या आमच्या गल्लीत कुणालाच कळलेलं नाही. आई विचारणाऱ्यांना सांगते, ‘कॉम्प्युटरवर बसून वाचती.’ ते काही चूक नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत जीनपासून प्रथिनं बनतात आणि त्या प्रथिनांना आपापली कामं असतात. एकाच्या कामामुळे दुसऱ्याचं काम वाढतं, तिसऱ्याचं थंडावतं, अशी लांबच लांब साखळी चालू असते. जगभरातले शास्त्रज्ञ त्यातल्या एकेका कडीवर प्रयोग करतात आणि पेपर लिहितात. ते पेपर इतके झालेत की कुणा एकाला सगळे वाचणं शक्य नाही. म्हणून आम्ही वाचतो. कुठलं प्रथिन काय काम करतं, आणि त्या कामाचा पुढच्याच्या कामावर काय परिणाम होतो, हे पेपरातून काढून एका खुल्या डेटाबेसमध्ये भरतो. दोन कामांच्या मध्ये एक बाण काढायचा. बाणाला नाव द्यायचं, की हे त्याला थेट वाढवतं, किंवा थेट घटवतं, किंवा वाढवतं खरं पण मधल्या कुणामार्फत, किंवा आधी घडतं एवढंच ठाऊक आहे, पुढचं ठाऊक नाही. आणि बाणाखाली पुरावा लिहायचा, कुठल्या पेपरातला कुठला प्रयोग.

सोपं वाटतं ना? बसून बघा एकदा. उद्या कुठंतरी औषध शोधणारा माणूस आमच्या बाणावर विसंबून वर्षंच्या वर्षं घालवणार. बाण खोटा निघाला तर त्याची वर्षं पाण्यात, आणि ज्या रोग्याला औषध मिळायचं त्याचं काय, ते बोलायलाच नको. त्यामुळे एका बाणासाठी मी कधीकधी अख्खा दिवस घालवायची आणि शेवटी ‘ठाऊक नाही’ असं लिहून घरी यायची. आमचं ऑफिस खडेबाजारात, एका साडीच्या दुकानाच्या वर. मूळ कंपनी बेंगळूरची. तिथले साहेब व्हिडिओ कॉलवर विचारायचे, बेळगावच्या शाखेचे बाण एवढे कमी का? मी म्हणायची, कारण आम्ही वाचतो. ते त्यांना झोंबायचं. झोंबू दे.

पण त्यांची एक तक्रार खरी होती. आमच्याकडं नव्यानं येणारी मुलंमुली सगळी एमएस्सी झालेली, हुशार, आणि सगळी एकच चूक करायची. पेपरात असायचं की अमुक प्रथिन कमी झालं, त्यानंतर तमुकाचं काम मंदावलं. झालं. लगेच यांचा बाण तयार, आणि तोही ‘थेट’. मी डोकं धरून बसायची. अरे, एका मागोमाग एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होतं का? सकाळी आधी दूधवाला येतो आणि मग ऊन पडतं, म्हणून काय दूधवाल्यानं ऊन आणलं?

बेंगळूरला सगळीकडची मुलं, तिथं ही चूक एवढी नव्हती. मग ती आमच्याकडंच का? पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं. पेपर इंग्रजीत असले तरी डोकं घरचंच असतं. आमच्या तोंडात ‘पासनं’ हा एकच शब्द दोन्हीकडं चालतो. ‘सकाळपासनं पोटात दुखतंय’ इथंही पासनं, आणि ‘तुझ्यापासनं मला लई त्रास’ इथंही पासनं. वेळ सांगायलाही तोच, दोष द्यायलाही तोच. मला वाटलं, हा मराठीचा घोळ असेल, तर बैलहोंगलकडच्या एका मुलीनं सांगितलं, आमच्या कन्नडातही तेच आहे. ‘बंदागिनिंद’ म्हणजे आल्यापासून आणि ‘अवळिंद’ म्हणजे तिच्यामुळे, शेपूट एकच. मला हसू आलं. सीमेवर एवढी वर्षं भांडणारी दोन माणसं, पण चुकीच्या बाबतीत सख्खी भावंडं. मग मी ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं, ‘कधीपासनं की कशापासनं?’ बाण काढायच्या आधी ते वाचायचं, हा नियम. चुका कमी झाल्या. मी खूश.

आणि घरी? घरी माझ्या नाकासमोर तोच घोळ चालू होता, आणि तिथं लावायला भिंत नव्हती.

भावाचं लग्न झालं तेव्हा भावजय खानापुरात एका मेडिकलमध्ये कामाला होती. फार्मसीचा डिप्लोमा झालेली. माहेर गुंजीचं, घरी शेती, वडील शेतावर आणि भाऊ रेल्वेत. भरभर चालणारी, भरभर बोलणारी, आणि हसली की शेजारच्या घरात ऐकू जायचं. लग्नानंतर रोज खानापूरला जाणं-येणं नको म्हणून तिनं काम सोडलं. म्हणजे सोडायला लावलं, आपण खरं तेच बोलावं. ती आली आणि काही महिन्यांत भाऊ ज्या फाउंड्रीत होता तिथं ऑर्डरी कमी झाल्या, माणसं कमी केली, त्यांत हाही घरी बसला. मग घरातला मिक्सर जळाला. आणि मग आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला.

आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांचं नोकरीचं सगळं आयुष्य निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेलं. गालात कायम चिमूट. ब्लडप्रेशर कित्येक वर्षांचं. डॉक्टर गोळ्या देत आणि आप्पा म्हणत, ‘मला काय झालंय? बरं हाय की.’ एके दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला आणि उजवी बाजू लुळी पडली. जीव वाचला, पण उजवा हात-पाय गेला आणि बोलणं तुटलं. एक शब्द काढायला घशाशी झटापट करावी लागायची. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून ब्लडप्रेशरबद्दल सांगितलं. आई मान हलवत होती. मला वाटलं, कळलं.

डोंबल कळलं. निपाणीहून आत्या आली, म्हणजे आप्पांची थोरली बहीण. खाटेशी बसली, भावाचा हात हातात घेऊन रडली, डोळे पुसले, आणि स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या भावजयीकडं मान करून आईला म्हणाली, ‘ही आल्यापासनं तुझ्या घरात एक तरी बरं झालंय काय?’

बस्स. एवढंच. तिनं तिला वाईट म्हटलं नाही, शिवी दिली नाही, नुसती वेळ सांगितली. पण आमच्याकडं ‘आल्यापासनं’ म्हटलं की ते वेळेपाशी थांबत नाही, ते पायावर जाऊन बसतं. त्याला नावही आहे, पायगुण. सुनेचा पाय घरात पडला आणि पुढं जे जे झालं ते त्या पायाचं. कुणी ठरवलं हे? फाउंड्रीच्या ऑर्डरी काय तिच्या पैंजणाला विचारून कमी झाल्या? मिक्सर तर माझ्या बारावीच्या वेळचा होता, तो जळायचाच होता! पण आठवड्याभरात आई तेच वाक्य म्हणायला लागली, मग शेजारीण म्हणायला लागली, मग देवळात भेटणाऱ्या बायका भावजयीच्या हातचं हळदीकुंकू घेताना कसं कोण जाणे पण आधी आईकडं बघायला लागल्या. एक बारसं झालं गल्लीत. तिला बोलावणं आलं नाही, आम्हा दोघींना आलं. मी गेले नाही. आई गेली.

आणि माझा भाऊ? मूग गिळून बसलेला. त्याला काही विचारलं की मोबाईल बघायचा. भावजय सगळं ऐकायची. हसणं हळूहळू बंद झालं, पण काम बंद झालं नाही. आप्पांना उठवणं, भरवणं, आंघोळ, मालिश, औषधांच्या वेळा, सगळं तिच्याकडं.

एका रविवारी आत्या पुन्हा आली आणि पुन्हा तीच टेप लावली, तेव्हा मी तोंड उघडलं. नीट बोलायचं ठरवलं होतं, ते कुठलं जमतंय! मी म्हटलं, आप्पांचं ब्लडप्रेशर हिच्या लग्नाच्या आधीचं, तंबाखू त्याच्याही आधीची, आणि कारखान्यातून निघालेली एवढी माणसं, त्या सगळ्यांच्या घरी हीच सून म्हणून गेली होती काय? आत्यानं शांतपणे विचारलं, स्वतःचा संसार न केलेल्या बाईनं दुसऱ्याच्या सुनेबद्दल बोलावं काय. मी लग्न केलेलं नाही, हे आमच्याकडं प्रत्येक वादात शेवटचं अस्त्र म्हणून काढतात. मी ते अंगाला लावून घेतलं नाही. मी कामावर मुलांना समजावते तसं समजावायला गेले. एक घडल्यावर दुसरं घडलं, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. लॅबमध्ये ती गोष्ट काढून बघतात, काढल्यावर फरक पडला तर निदान बोलायला जागा.

आत्या पान लावत होती. देठ खुडला, चुना लावला, आणि म्हणाली, ‘मग बघूया की काढून.’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ज्या वाक्यानं मी तिचं तोंड बंद करायला गेले, ते वाक्य तिनं अलगद उचललं आणि माझ्याच भावजयीवर उगारलं. आणि काय सफाई! जणू तिला शास्त्रच करायचं होतं. आईला ते लगेच पटलं. तिनं भावजयीला सांगितलं, जरा चार दिवस माहेरी जाऊन ये, तुलाही विश्रांती. मी आकाशपाताळ एक केलं. पुरावा नाही, पुरावा नाही, असं किती वेळा ओरडले असेन. भावजयीनं कपडे भरले, आप्पांच्या गोळ्यांचा डबा आईला समजावून सांगितला, आणि भाऊ तिला गाडीत बसवून आला. घरात आला तेव्हा त्याच्या तोंडावरची रेघ हलली नव्हती. कानफटात मारावीशी वाटली मला त्याच्या, खरंच सांगते.

चार दिवसांचे आठवडे झाले. आप्पांच्या आंघोळीला एक बाई ठेवली, ती दिवसाआड यायची, मग येईनाशी झाली. आईचे गुडघे धरलेले, तिला आप्पा उचलत नसत. भाऊ आणि मी मिळून करायचो, पण सुनेचा हात सवयीचा झालेल्या आप्पांना लेकीसमोर उघडं व्हायला लाज वाटायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे. गुंजीला फोन केला की भावजय आप्पांची चौकशी करायची, बाकी काही बोलायची नाही. तिकडं तिच्या आईला लोक विचारायला लागले होते, मुलगी किती दिवस राहणार? हे सगळं आईला सांगितलं तर आई म्हणायची, ‘बघूया जरा.’

आणि मग भावाला नोकरी लागली. काकतीच्या बाजूला एका कारखान्यात, आधीपेक्षा बरी. फोन आला त्या संध्याकाळी आईनं देवापुढं साखर ठेवली आणि पहिला फोन आत्याला लावला. फोन स्पीकरवर होता. आत्या म्हणाली, ‘बघ. काढली आणि लागली.’

माझं डोकंच फिरलं. अहो, त्या नोकरीची मुलाखत भावजय घरात असतानाच झालेली होती! तिनंच त्याला तयार केलं होतं. इकडं गॅसवर भाजी परतत ती कारखान्याचे साहेब होऊन प्रश्न विचारायची आणि हा ओट्याशी उभा राहून उत्तरं द्यायचा. चुकला की उलथनं दाखवायची. बोलावणं यायला तेवढे दिवस लागले, इतकंच. मी भावाला म्हटलं, हे तू सांग. तुझ्या तोंडानं सांग. तो म्हणाला, आता सगळं बरं चाललंय, कशाला विस्कटायचं. बरं चाललंय! बायको गुंजीला, बाप खाटेवर बिनआंघोळीचा, आणि याचं बरं चाललंय.

मी आईवर तोंड सोडलं. म्हटलं, एकदा काढून काही कळत नसतं, लॅबमध्ये काढलेलं परत घालून बघतात, परत घातल्यावर जर... आणि मी मध्येच थांबले. हे मी कुणाबद्दल बोलत होते? काढून बघा, घालून बघा. ती काय उंदीर आहे? या लोकांच्या नादाला लागून माझीही जीभ तशीच वळायला लागली होती. आईनं विचारलं, काय गं, गप्प का झालीस?

पुढच्या रविवारी सकाळची गाडी धरून मी गुंजीला गेले. कुणाला विचारलं नाही. ठरवलं होतं, तिला घेऊनच यायचं, बघू कोण दारात अडवतंय ते. स्टेशनापासून घर जवळच. ती मागच्या अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. मला बघून उठली, पाणी आणलं, चहा टाकला. मी म्हटलं, चल, कपडे भर. ती बियांवर हात फिरवत राहिली. मग सावकाश बोलली.

‘आक्का, तुम्ही माझ्यासाठी लई भांडला, मला माहीत हाय. पण काय म्हटला? पुरावा न्हाय म्हटला. म्हणजे उद्या घावला तर? मी आलो आणि उद्या आप्पांना परत काय झालं, तर पुरावा घावला म्हणायचं काय? खोटं हाय, असं त्या घरात एक तरी माणूस म्हटलंय?’

तिनं उरलेल्या बिया पसरल्या.

‘कुणी तरी म्हणू दे,’ ती म्हणाली. ‘मग येतो.’

तिनं मला जेवू घातलं, सोबत काजू बांधून दिले, आणि स्टेशनवर सोडायला आली. मी एकटीच परतले.

गाडीत बसल्यावर मला आधी तिचा राग आला. मग कळलं की तिचा नाही. ‘पुरावा नाही’ हे आमच्या कामातलं सभ्य वाक्य. कुणाला खोटं म्हणायचं नाही, फक्त एवढ्यावरून म्हणता येत नाही असं सांगायचं. पेपरांसाठी ते ठीक आहे. पण माणसाच्या अंगावर आळ टाकलेला असताना तेच सभ्य वाक्य म्हणजे दार अर्धं उघडं ठेवणं. आणि खरं तर आमच्याच कामात त्याच्याही आधीचा एक नियम होता, नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. बाण दोन वस्तूंच्या मध्ये काढायचा नसतो, दोन कामांच्या मध्ये काढायचा असतो. एखादं प्रथिन तिथं नुसतं हजर आहे, यावरून बाण निघत नाही. ते काय करतं, हे आधी लिहावं लागतं. कामाची ती चौकट रिकामी असेल तर पुढं पुराव्यापर्यंत जायचंच नाही. इतके दिवस मी आत्याशी पुराव्यावर भांडत होते, आणि पहिली चौकटच रिकामी होती! कपाळ माझं.

घरी पोचले तर आत्या आलेली. भावाच्या नोकरीचे पेढे खायला. सगळे आप्पांच्या खोलीतच बसले होते, खाटेभोवती. आप्पांच्या ओठाला पेढ्याचा कण लागलेला होता आणि कुणी पुसला नव्हता. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच आत्याला विचारलं,

‘ती काय केली?’

आत्याला समजलं नाही. मी पुन्हा विचारलं. माझी भावजय या घरात आली. मग आप्पांना झटका यावा असं ती काय केली? ढकलली? जेवणात काही घातली? रागावून बोलली? एक काम सांगा. एकच.

आत्या म्हणाली, ‘आली न्हवं?’

‘येणं सोडून सांगा.’

आई म्हणाली, असं बोलू नये मोठ्यांशी. मी म्हटलं, आई, तू सांग. भावाला म्हटलं, तू सांग. माझा आवाज चढला होता, शेजारी खिडकी उघडल्याचं ऐकू आलं, उघडू दे. भाऊ मोबाईल शोधत होता, तो खिशात नव्हता. सांगायला काही नव्हतंच. आणि ज्या माणसाच्या आजाराचं सगळ्यांनी एवढं भांडवल केलं होतं, तो माणूस तिथं मधोमध पडला होता आणि त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असंच धरून चालले होते सगळे.

आप्पांनी डावा हात खाटेवर आपटला. आम्ही वळलो.

‘गोळी,’ ते म्हणाले. मग पुष्कळ वेळ घशाशी झुंज. ‘गोळी... दिली. रोज.’

आईला वाटलं, त्यांना गोळी हवी आहे. ती उठायला लागली. आप्पांनी पुन्हा हात आपटला.

‘ती दिली. मी... टाकलो.’ त्यांनी डाव्या हातानं खिडकीकडं दाखवलं. ‘भाईर.’

ती औषधांच्या दुकानात काम केलेली मुलगी. लग्न होऊन आल्यावर आठवड्याभरात तिनं सासऱ्याच्या गोळ्यांचा बोजवारा ओळखला आणि रोज सकाळी स्वतः हातावर गोळी ठेवायला सुरुवात केली. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की तिनं पाठ फिरवली की आप्पा ती गोळी खिडकीतून परसात टाकत होते. फक्त गोळी टाकली म्हणूनच झटका आला, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही, त्यात बाकीचंही खूप आहे. पण तिनं काय केलं, या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं.

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांचा हात पोचत नव्हता. आणखी एक शब्द होता त्यांच्याकडं. तो काढायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

‘खोटं,’ ते आत्याकडं बघून म्हणाले.

आत्यानं पदर सावरला आणि बस चुकेल म्हणत उठली. तिला सोडायला कुणी गेलं नाही. ती गेल्यावर आई किती तरी वेळ आप्पांचं तोंड पुसत बसली, पेढ्याचा कण केव्हाच गेला होता तरी. मग भावाला म्हणाली, फोन लाव. तो लावला, स्पीकरवर टाकला आणि आईच्या हातात दिला. पलीकडून भावजयीनं पहिल्यांदा हेच विचारलं, आप्पा बरे आहेत काय?

आई म्हणाली, ‘आप्पा बरे हायत.’ मग फोन तोंडाजवळ धरला. ‘खोटं बोललो गं आमी. सगळी. ते खोटं हाय. ह्यो गाडी घिऊन येतोय तुला आणायला.’

भावानं गाडीची किल्ली हातात घेतलेलीच होती. मला वाटलं, आता ती फोन ठेवणार, आणि ठेवला तर तिचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

‘त्यांना पाठवू नका,’ ती म्हणाली. ‘मी येतो माझ्या पायानं.’

आणि दुसऱ्या दिवशी ती आली.